थोरलीचं रिकामं पोट

१

एरवी थोरली गाडीच्या खाली वाकून पाहिलं की पलीकडे उभ्या माणसाच्या चपला दिसायच्या. त्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता बॅटरीबाईने वाकून पाहिलं तर झाडूवाल्याचे गुडघे दिसले. मधे दोनशे ऐंशी किलोंची बॅटरी असायला हवी होती. ती नव्हती.

बॅटरीबाई म्हणजे अठ्ठावीस वर्षांची इंजिनियर. कारखान्यातल्या सगळ्या बॅटऱ्यांची नाडी तीच बघायची, म्हणून हे नाव. तिने आरडाओरडा केला नाही. झाडूवाल्याला म्हणाली, "इथेच थांबा, कशाला हात लावू नका," आणि मालकाला फोन लावला. मालकाने आपल्या मावशीला लावला.

मावशी तेव्हा गॅलरीत पेपर वाचत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत गाड्यांचं सर्वेक्षण केलं होतं. आपटलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या आणि मालकानेच मुद्दाम दरीत ढकललेल्या गाड्या पाहून 'हा माणूस खोटं बोलतोय' असं कागदावर लिहिण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गुडघा धरला होता, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालत होती.

"मावशी, थोरलीची बॅटरी गेली," भाचा म्हणाला.

"खराब झाली?"

"नाही गं. गेली. गाडीत नाहीये. चोरीला गेली."

"मग मला काय फोन करतोस? पोलिसांना कर."

"पोलिस आले की बातमी फुटणार. आणि चार वाजता पाहुणे येतायत. मावशी, ये ना."

लहानपणी पडला की तो याच आवाजात हाक मारायचा. मावशींनी पेपरची घडी केली.

रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी सगळं मनाशी जुळवून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी भाच्याने आणि त्याच्या मित्राने एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवायचं खूळ डोक्यात घेतलं. पहिली गाडी झाली ती थोरली. दोन वर्षांनी दुसरी झाली, ती धाकटी. मग विक्री सुरू झाली, पेपरात फोटो आले, लोक गाडीला हात लावून बघायला यायचे. पुढे मोठमोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि त्यांच्यासमोर या चिमुकल्या कारखान्याची डाळ शिजेना. हातात एकच हुकमाचं पान उरलं होतं. थोरली अकरा वर्षांत सव्वादोन लाख किलोमीटर धावली होती आणि तिची बॅटरी मूळचीच होती. असं दुसऱ्या कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

त्यावर भाळून एक बडी कंपनी हा कारखाना विकत घ्यायला तयार झाली होती. शुक्रवारी दुपारी त्यांचं पत्र आलं. सोमवारी चार वाजता आमच्या मुख्य इंजिनियर येतील आणि थोरलीची बॅटरी स्वतः उघडून बघतील. समाधान झालं तर सह्या. नाही झालं तर महिनाअखेरीला शेहेचाळीस माणसं घरी बसणार, आणि भाच्याच्या अकरा वर्षांवर पाणी पडणार.

२

कारखान्याच्या दर्शनी खोलीत भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. पाच वर्षांपूर्वी मावशींनीच दिलेलं प्रमाणपत्र. 'सदर गाडीची तपासणी केली. बॅटरी मूळचीच आहे.' खाली सही आणि शिक्का. चौकट जराशी तिरकी झाली होती. मावशींनी जाता जाता ती सरळ केली.

आत थोरली तिच्या नेहमीच्या जागी, दोन खांबांच्या लिफ्टमधे उभी होती. शेजारच्या लिफ्टवर धाकटी. धाकटीचं बापडीचं नशीबच खोटं. सहा वर्षांपूर्वी तिची बॅटरी काढली आणि तेव्हापासून नव्या पोरांना नटबोल्ट शिकवायला ती वापरत. रंग उडालेला, एका दाराला मूठ नाही.

मावशी थोरलीभोवती एक चक्कर मारून आल्या. चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत हात घालून बघायची त्यांची जुनी सवय. हात मुठीसकट आत गेला. मग गुडघ्यात कळ आली म्हणून त्या धाकटीला टेकल्या आणि तिच्याही मडगार्डखाली हात नेला. दोन बोटं शिरली. त्यांनी हात झटकले.

"लिफ्ट वर घ्या," त्यांनी सांगितलं.

थोरली वर गेली. खाली बॅटरीची जागा मोकळी होती. आठही बोल्ट काढून एका डब्यात नीट ठेवलेले. दोन जाड केशरी केबल लोंबत होत्या, पण टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मावशींनी चष्मा पुसून ती पट्टी पाहिली. पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडून तिथे छोटी शेपटी ठेवली होती. पुढच्या माणसाला सोडवायला नखं लावावी लागू नयेत म्हणून.

"हे कोण शिकवतं?"

"तारकाका," बॅटरीबाई म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय. शेपटी ठेवली नाही तर ओरडतात."

"आणि तो केशरी ठोकळा कुठाय? बॅटरी बंद करायचा?"

ठोकळा जागेवर नव्हता. गाडीच्या मधोमध मुठीएवढा एक ठोकळा असतो. तो उपसला की बॅटरीचा गाडीशी संबंध तुटतो आणि मग हात घालायला धोका राहत नाही. इथला नियम असा की ज्याने तो उपसला त्याने तो आपल्याच खिशात ठेवायचा. काम संपेपर्यंत बापाला मागितला तरी द्यायचा नाही, कारण दुसऱ्याने चुकून तो परत लावला तर आत हात घातलेला माणूस जागच्या जागी संपेल.

फाटकावरचा पहारेकरी हात जोडून उभा होता. शनिवारी संध्याकाळी सहाला सगळे गेले. रविवारी सुट्टी. दोन दिवसांत फाटकातून एकही टेम्पो बाहेर पडला नाही. आईची शपथ.

"आईला कशाला मधे घेतोस?" मावशी म्हणाल्या. "रविवारी कुणीच आलं नाही?"

पहारेकऱ्याने आधी भाच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

"भागीदारसाहेब आले होते," तो म्हणाला. "वीस मिनिटं होते. जाताना गाडीच्या डिकीत काहीतरी घातलं. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस."

३

भागीदार हा भाच्याचा कॉलेजातला मित्र. अख्ख्या कारखान्यात टाय घालणारा तेवढा एकटाच. गिऱ्हाइकं, जाहिराती आणि बड्या लोकांशी गोड बोलणं हे त्याचं खातं. मावशींसमोर बसल्यावर त्याने टायची गाठ सैल केली.

"मावशी, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी अजून चहासुद्धा घेतलेला नाही. रविवारी डिकीत काय घातलंत?"

त्याने टाय पुरताच काढून टेबलावर ठेवला. मग एकदम म्हणाला, "माझी पुस्तकं. टेबलावरचा फोटो. कॉफीचा मग."

"म्हणजे निघालात?"

"त्या मोठ्या कंपनीने मला नोकरी देऊ केलीय. व्यवहार झाला तरी, न झाला तरी." त्याचे कान लाल झाले. "त्याला अजून सांगितलं नाहीये. कसं सांगू? अकरा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही."

"लाज वाटते?"

"वाटते."

"बरं आहे. आता एक काम करा. ही पट्टी घ्या आणि या पेनाला गुंडाळून दाखवा."

भागीदाराने गोंधळून पट्टी गुंडाळली, दाताने तोडली आणि टोक दाबून चिकटवून टाकलं. शेपटी नाही. मावशींनी पेन परत घेतलं आणि त्याला जायला सांगितलं. माणूस पळपुटा होता, पण बॅटरी त्याने काढलेली नव्हती. शिवाय दोनशे ऐंशी किलो डिकीत घातले असते तर त्याची ती देखणी गाडी फाटकातच बसली असती.

मग बॅटरीबाई आली. हाताची घडी घालून ताठ बसली.

"शुक्रवारी संध्याकाळी मी बॅटरी तपासली होती. पूर्ण भरलेली. त्यानंतर आज सकाळी."

"शनिवारी नाही पाहिलीत?"

"शुक्रवारी रात्रभर आम्ही इथेच तयारी करत होतो, आणि शनिवारी दिवसभर या भेटीचीच धामधूम. दहा ते साडेबारा सगळे हॉलमधे. पाहुण्यांना काय काय दाखवायचं त्याची तालीम होती. साहेबांनी सगळ्यांना सक्तीने बसवलं. पहारेकरीसुद्धा फाटकाला कुलूप लावून आत आला."

"सगळे म्हणजे सगळे?"

"तारकाका सोडून. त्यांना ते पडद्यावरचं आवडत नाही. म्हणाले, तुम्ही नाटक करा, मी झाडलोट करतो."

मावशींनी वहीत काहीच लिहिलं नाही. नुसतं पेन फिरवत राहिल्या. तारकाकांविरुद्ध तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. शनिवारी दुपारी सगळे गाडीभोवती वावरत होते, आणि रविवार अख्खा मोकळा होता. बॅटरी नेमकी कधी गेली ते आधी कळायला हवं होतं.

"तुमच्या मनात आणखी काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "मघापासून ओठावर येतंय आणि परत जातंय."

बॅटरीबाईने दाराकडे पाहिलं.

"मावशी, थोरलीची बॅटरी फार चांगली आहे."

"मग तक्रार काय?"

"तीच तक्रार आहे. अकरा वर्षं चाललेली बॅटरी इतकी चांगली असूच शकत नाही."

४

तारकाका कँटीनमधे सापडले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, काटक, खाकी कपडे, बोटांना तारांनी पडलेले बारीक चरे. थोरलीतली एकूण एक तार त्यांनी ओढलेली. कारखान्यात भाच्याला अरेतुरे करणारे ते एकटेच, आणि तो रागावला की 'साहेब' म्हणून चिडवणारेही तेच.

"बसा, मावशीबाई. चहा घ्या. गुडघा कसाय?"

"आहे अजून. तुमचं काय? अजून निवृत्त होत नाही तुम्ही?"

"मी गेलो तर ही पोरं तारांचं कडबोळं करून ठेवतील."

त्यांनी किटली उचलली. मावशींची नजर त्यांच्या पँटीच्या उजव्या खिशावर गेली. खिसा चांगलाच फुगला होता आणि वरचं बटण लावलेलं होतं. काका चहा ओतताना डाव्या अंगावर वळले.

"शनिवारी तालमीला का नाही बसलात?"

"कंटाळा येतो हो. अकरा वर्षं तेच ऐकतोय. थोरली अशी आणि थोरली तशी."

"खोटं आहे का ते?"

काकांनी कप पुढे सरकवला. "चहा गार होईल."

तेवढ्यात वीज गेली. कारखान्यातली यंत्रं एकेक करून थांबली, बाहेर कुणीतरी "गेली रे!" म्हणून ओरडलं. कँटीनमधला पंखा मात्र फिरत राहिला. दिवाही चालू होता आणि कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर थांबली नव्हती. मावशींनी कान देऊन ऐकलं.

"तुमचा जनरेटर फार शांत आहे," त्या म्हणाल्या.

"जनरेटर विकून टाकला, झाली चार वर्षं."

"मग?"

काका उत्तर द्यायच्या आत भाचा दारात येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"मावशी, त्या इंजिनियरबाईंचा फोन आला होता. त्या चारऐवजी तीनलाच येतायत."

घड्याळात साडेबारा वाजले होते.

५

मावशी थोरलीपाशी परत आल्या. वीज आली होती. बॅटरीबाई आपल्या फोनवर शनिवारचे फोटो बघत बसली होती. संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी थोरलीसमोर उभं राहून फोटो काढला होता. नवीन मालक यायच्या आधीची आठवण म्हणून.

"बघू," मावशी म्हणाल्या.

फोटोत पुढच्या चाकाशी बॅटरीबाई उकिडवी बसली होती. आधाराला तिने चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत हात अडकवला होता. मूठच्या मूठ आत.

"एरवी असा हात जातो तुमचा तिथे?"

"एरवी नाही जात. बोटं अडकतात." बॅटरीबाईने फोटो मोठा करून पाहिला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बाई!"

"बॅटरीचं वजन उतरलं की स्प्रिंग मोकळी होते आणि गाडी उचलते," मावशी म्हणाल्या. "म्हणजे शनिवारी पाचला तुम्ही सगळे दात काढून फोटो काढत होतात, तेव्हाच गाडीचं पोट रिकामं होतं. रविवारचा विषय मिटला. शुक्रवारी तुम्ही बॅटरी पाहिलीत, शनिवारी पाचला ती नव्हती. त्या दरम्यान ही शेड रिकामी होती ती फक्त शनिवारी दहा ते साडेबारा."

भाचा आणि भागीदार येऊन उभे राहिले होते. मागे तारकाकाही आले.

"पण गेली कुठे?" भाचा म्हणाला. "फाटकाला कुलूप होतं. अख्खा कारखाना सकाळपासून पालथा घातलाय आम्ही."

"रिकाम्या जागा शोधल्यात तुम्ही. कपाटं, कोठ्या, मागचं आवार. गाडीची बॅटरी लपवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे गाडी. शेजारीशेजारी दोन लिफ्ट आणि चाकांची ढकलगाडी असली की एका माणसाचं काम आहे." मावशींनी धाकटीच्या मडगार्डवर थाप मारली. "हिच्यात सहा वर्षं बॅटरी नाही ना? मग ही थोरलीसारखी उचललेली दिसायला हवी. मघाशी हात घातला तर दोन बोटं शिरली. पोट भरलेली गाडी आहे ही. वर घ्या."

बॅटरीबाईने बटण दाबलं. धाकटी हळूहळू वर गेली, आणि तिच्या पोटात, पुसूनसवरून, आठ बोल्टांनी आवळून, बॅटरी बसलेली होती.

भाच्याने सुटकेचा नि:श्वास टाकला. "सापडली! अजून दोन तास आहेत. चला, काढा आणि बसवा."

"थांब," मावशी म्हणाल्या. "आधी पेटीवरची तारीख वाचा, बॅटरीबाई."

बॅटरीबाईने बॅटरीच्या पेटीवर टॉर्च मारला. दोनदा वाचलं.

"नऊ वर्षांपूर्वीची आहे," ती म्हणाली. "थोरली अकरा वर्षांची. ही बॅटरी थोरलीची नाहीच. ही धाकटीची आहे."

 मग तारकाका पुढे झाले. त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि केशरी ठोकळा मावशींच्या हातात ठेवला.

"काम संपलं नव्हतं, म्हणून दिला नाही," ते म्हणाले. "चोरी कसली, मावशीबाई? जिची होती तिला परत दिली."

६

ऑफिसचं दार लावून घेतलं. भाचा खुर्चीत बसला आणि टेबलाकडे बघत बोलायला लागला.

सहा वर्षांपूर्वी थोरली थकत चालली होती. एका भरणीत एकशेऐंशी किलोमीटर जायची ती एकशेवीसवर आली. पैसे गुंतवणारे लोक येणार होते आणि त्यांना दीडशे किलोमीटर चालवून दाखवायचं होतं. म्हणून त्याने काकांना सांगून धाकटीची बॅटरी थोरलीत घातली. धाकटी फारशी चालवलेलीच नव्हती.

"एका दिवसापुरतं, मावशी. देवाशपथ. दुसऱ्या दिवशी परत बदलणार होतो. पण त्यांनी पेपरात छापून आणलं. मग काय म्हणू? मग ते पत्रकावर गेलं. मग..."

"मग माझ्याकडे आलास," मावशी म्हणाल्या.

"हो."

मावशींना ती दुपार लख्ख आठवली. गुडघ्याचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. 'वाकू नकोस गं, मावशी, तीच आहे बॅटरी,' असं तो म्हणाला होता. आणि परक्याच्या एकाही गाडीला न वाकता पास न करणाऱ्या बाईने, 'तुझा शब्द पुरे' म्हणून शिक्का मारला होता. गाड्या पाहण्यात जन्म काढला आणि घरच्याच गाडीने फसवलं. त्यांना संताप आला, आणि तो भाच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला.

"काका, असं करण्याआधी मला का नाही विचारलंत?" भाचा तारकाकांवर उसळला.

"अरे, काय विचारू? आज ती बाई पेटी उघडणार, तारीख वाचणार, आणि सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हणणार. बॅटरी चोरीला गेली म्हटलं की कीव तरी येईल. तेवढंच सुचलं मला. मी काही तुझ्यासारखा शिकलेला नाही."

भागीदाराने घसा साफ केला. "तसं पाहिलं तर काकांची कल्पना वाईट नाही. पोलिसांत चोरीची तक्रार देऊ. भेट पुढे ढकलली जाईल. तोवर बघू काहीतरी."

"आणि चोर म्हणून कुणाला दाखवणार?" मावशींनी विचारलं.

भागीदार तारकाकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. तारकाका म्हणाले, "माझं काय, माझी वर्षं भरलीच आहेत. माझं नाव सांगा."

भाचा उठून उभा राहिला. डोळे भरून आले होते. "नाही काका. ते नाही होणार. मी सांगतो त्यांना सगळं. बुडालं तर बुडू दे."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आज सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना तो आपला वाटला.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "थोरलीची मूळ बॅटरी कुठाय?"

"ती? ती तर सहा वर्षांपूर्वीच भंगारात गेली. काकांनाच सांगितलं होतं मी."

"मग वीज गेल्यावर कँटीनचा पंखा कशावर चालतो रे?"

७

कँटीनच्या मागे जिन्याखाली एक अरुंद खोली होती. दारावर 'झाडू' असं लिहिलेलं. तारकाकांनी कुलूप काढलं. आत झाडू नव्हता, आणि सगळ्यांना वाटायचा तसा साधा इन्व्हर्टरही नव्हता. थोरलीची मूळ पेटी होती, अकरा वर्षांपूर्वीची तारीख असलेली, फडक्याने पुसलेली. तिच्यातून निघालेल्या तारा कँटीनच्या दिव्यांकडे, पंख्यांकडे आणि फ्रिजकडे गेल्या होत्या. आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तारीख, वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, पेटीत किती उरलं. सहा वर्षांचं.

"टाकवेना हो," तारकाका म्हणाले. "गाडी ओढायला थकली होती. बसून करायचं काम दिलं तिला."

बॅटरीबाईने आपलं मीटर लावलं.  "काका, हिच्यात अजून निम्म्याहून जास्त जीव आहे! अकरा वर्षांनी! सहा वर्षांत उतरलीच नाहीये फारशी. तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

तीन वाजता पाहुण्या आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. दर्शनी खोलीतच मावशींनी त्यांना थांबवलं. भिंतीवरची चौकट काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"यावरची सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे खोटं आहे. मी वाकून पाहिलं नव्हतं. भाचा आहे माझा."

मग भाच्याने सगळं सांगितलं, काहीही न गाळता. पाहुण्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पत्रकावरचं वाक्य चुकीचं."

"हो."

"मग सह्या होणार नाहीत."

"कल्पना आहे," भाचा म्हणाला. "पण इथवर आलाच आहात तर जिन्याखालची खोली बघून जा."

पाहुण्या दहा मिनिटांसाठी आत गेल्या आणि दीड तास बाहेर आल्या नाहीत. भिंत वाचत बसल्या होत्या. मग त्यांनी कँटीनचा मुख्य खटका स्वतः खाली ओढला, खुर्ची घेतली आणि चहा मागितला. सगळे बसून राहिले. पंखा फिरत होता, फ्रिज घरघरत होता. सहा वाजले, सात वाजले. साडेसातला पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, तारकाकांना नमस्कार केला आणि निघून गेल्या. दिवा लागलेलाच होता.

मोठ्या कंपनीने कारखाना घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी तसं पत्र आलं, चार ओळींचं. भागीदार त्यांच्याकडे नोकरीला गेला. महिनाअखेरीला बारा माणसांना निरोप द्यावा लागला आणि भाचा त्या बाराही जणांच्या घरी स्वतः जाऊन आला. तीन आठवड्यांनी त्याच कंपनीचं दुसरं पत्र आलं. आमच्या गाड्यांतून निघालेल्या थकलेल्या बॅटऱ्या पाठवल्या तर त्यांना असं बसून करायचं काम लावून द्याल का? सुरुवातीला दोनशे. एकच अट होती. जिन्याखालच्या पेटीचं नवीन प्रमाणपत्र हवं, आणि त्यावर सही त्याच सर्वेयरबाईंची हवी.

मावशी आल्या. जिन्याखालच्या खोलीत जेमतेम एक माणूस मावत होता आणि पेटीवरची तारीख खालच्या अंगाला होती. भाच्याने दार धरलं.

"मावशी, गुडघा दुखेल तुझा. मी वाचून दाखवतो, तू लिही. आता तरी माझा शब्द पुरे ना?"

मावशींनी साडीचा पदर खोचला आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. बसताना तोंडातून एक "आई गं" निघालंच.

"शब्द राहू दे," त्या म्हणाल्या. "टॉर्च दे."